सर रिटायर होतायत, शाल-श्रीफळ सोडून काय करता येईल?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय, त्याबद्दल काय बोलायचं ते बोलून घ्या आधी.

तर आमचे सर येत्या ३० जूनला रिटायर होतायत. राज्यातल्याच एका विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली जे येणार आहे ते काही लोकांना झोंबेल आणि पेन्शनची फाईल अजून हलायचीय. ३३ वर्षं शिकवलं सरांनी. १४ पीएचडी, एमएस्सीचे किती ते त्यांनाही माहीत नाही, आणि सह्याद्रीतला असा घाटरस्ता नसेल जिथे त्यांनी हातोडी मारलेली नाही. आम्ही वेगवेगळ्या बॅचचे साठेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर जमलोय आणि पंधरा दिवस नुसती चर्चा चालूय, निष्पन्न शून्य.

विभागाचा कार्यक्रम ठरलेला आहे तो होईलच. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, कुलगुरू आले तर कुलगुरू नाहीतर त्यांचा शुभेच्छा संदेश, सात जणांची मनोगतं, त्यातले पाच जण "मी सरांना फार जवळून ओळखतो" असं म्हणून सुरू होणार आणि स्वतःबद्दल बोलणार, मग आभार आणि पावभाजी. माझी त्याला हरकत नाही, पावभाजी चांगली असते. पण सरांना मी फोनवर विचारलं की सर तुम्हाला काय हवंय, तर म्हणाले, "काही करू नका रे. ते व्हरांड्यातले दगड तेवढे कुठे ठेवायचे ते बघा."

दगड म्हणजे काय ते सांगतो. दख्खनच्या बेसॉल्टचे नमुने, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेले, एकूण ३१ गोण्या. प्रत्येक दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईत नंबर, आणि तो नंबर सरांच्या फील्डच्या वहीत, कुठल्या टोपोशीटवर (उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर) कुठल्या वळणाला किती उंचीवर उचलला ते. अशा वह्या ४७. आता सरांची खोली दुसऱ्यांना मिळणार, व्हरांड्यात फायर ऑडिटवाल्यांनी शेरा मारलाय, आणि विभागात कोणीतरी म्हणालं म्हणे की "बांधकामाच्या भरावात टाकून द्या". हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्याकडे सरांचा-मॅडमचा निरोप कोणी वेगळ्या पद्धतीने केलाय का. दोन, दगडांचं काय करू.

चहाबाज

दगडांचं माहीत नाही पण घड्याळ देऊ नका, हात जोडून विनंती. माझे वडील रिटायर झाले तेव्हा आमच्याकडे चार भिंतीवरची घड्याळं आली, एकावरही वेळ जुळत नव्हती.

मुळाक्षर

गौरवग्रंथ काढा की. आपल्याकडची ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सभ्य पद्धत आहे. जर्मन लोक त्याला फेस्टश्रिफ्ट म्हणतात, शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी गुरूच्या विषयावर नवीन लेख लिहायचे आणि त्याचा ग्रंथ करून हातात द्यायचा. पुण्यात रा. गो. भांडारकरांना असा ग्रंथ अर्पण झाला तो १९१७ साली, त्यांच्या ८० व्या वाढदिवसाच्या निमित्ताने, आणि ६ जुलै १९१७ ला त्याच वाढदिवसाच्या मुहूर्तावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं. डेक्कन कॉलेजातून ते रिटायर झाले १८९३ ला, म्हणजे मधे २४ वर्षं गेली, तरी माणसं विसरली नाहीत. आणि भांडारकरांनी काय केलं, तर स्वतःचा पुस्तकांचा संग्रह संस्थेलाच देऊन टाकला. म्हणजे ज्याचा सत्कार त्यानेच आहेर केला.

मला या गोष्टीतलं आवडतं ते हे, की लोकांनी गळ्यात हार घालून घरी नाही पाठवलं, कामाला जागा करून दिली.

पेन्शनीत

मुळाक्षर, मुद्दा मान्य पण आजचे गौरवग्रंथ तुम्ही उघडून बघितलेत का हो? अर्धे लेख म्हणजे "सर : एक व्यक्तिमत्त्व", "सर : जसे मला दिसले", "सर आणि मी", उरलेले अर्धे म्हणजे दुसरीकडे नाकारलेले पेपर. वर प्रत्येकाकडून वर्गणी. माझ्या स्वतःच्या गौरवग्रंथाच्या ८० प्रती माझ्याच माळ्यावर आहेत, कुणाला हव्या असतील तर येऊन घेऊन जा, पोस्टाने पाठवणार नाही, जड आहेत.

मी स्वतः ६ वर्षांपूर्वी रिटायर झालो, पदार्थविज्ञान, तेव्हा अधिकारवाणीने सांगतो. सत्काराच्या दिवशी माणूस थकलेला असतो. का थकलेला असतो ते कोणी सांगत नाही. त्या आधीचे तीन महिने तो नो ड्यूजच्या कागदावर सह्या गोळा करत फिरत असतो. लायब्ररी, स्टोअर, जिमखाना (मी आयुष्यात जिमखान्यात गेलो नाही), वसतिगृह, वसाहत, पतपेढी. माझ्या नावावर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये "लाकडी स्टूल, १ नग" होतं. मी १९९१ ला प्रॅक्टिकलसाठी मागितलेलं. स्टोअरकीपर म्हणाला सर स्टूल दाखवा नाहीतर निर्लेखनाचा (म्हणजे रजिस्टरमधून वस्तू काढून टाकण्याचा) प्रस्ताव करा, त्याला समिती लागते, समितीची बैठक ऑगस्टमध्ये. मी मे मध्ये रिटायर होणार. पाच दिवस मी, एक प्रोफेसर माणूस, स्टूल शोधत होतो. शेवटी आमच्या शिपायाला जिन्याखाली सापडलं, एक पाय मोडलेला, त्यावर चहाची किटली ठेवलेली. मोडका पाय सुतळीने बांधून मी ते खांद्यावर घेऊन स्टोअरला नेलं. ही माझी मिरवणूक.

आणि कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने "रसायनशास्त्रातील दीपस्तंभ" अशी ओळख करून दिली. तिची चूक नाही, तिला सकाळी कागद दिला होता.

चहाबाज

स्टूल 😂😂 काका, यावर स्वतंत्र धागा काढा.

तासिकाताई

वाचून हसले आणि मग गप्प बसले.

मी १३ वर्षं सीएचबीवर शिकवतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लॉक अवर बेसिस, तासिका तत्त्वावर, जितके तास घ्याल तितके पैसे, सुट्टीत पगार नाही, दरवर्षी नव्याने मुलाखत, जिथे गेल्या वर्षी मीच लावलेल्या खुर्च्यांवर बसलेले लोक मला विचारतात की तुम्हाला शिकवण्याचा अनुभव काय. आमच्या विभागातले दोन कायम सर लागोपाठ रिटायर झाले, दोघांच्याही निरोपाचं मानपत्र मी लिहिलं, फुलं मी आणली, खोटं नाही सांगत रडूही आलं कारण चांगले होते दोघे. पण त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्यांचे तास आम्हा तिघींमध्ये वाटले. मी निरोप घेईन तेव्हा मला निवृत्तीची तारीखच नसेल, एखाद्या जूनला फोन येणार नाही एवढंच.

घाटवाट, तुमच्या सरांबद्दल राग नाही. पण सत्कार करताना एक वाक्य कोणीतरी माईकवर बोला, की या सरांची जागा भरा. माझ्या मते तोच खरा हार.

घाटवाट

तासिकाताई, बोलतो. लिहून घेतलं. मीच बोलणार आहे विद्यार्थ्यांच्या वतीने, आणि कुलगुरू आले तर बरंच आहे.

पेन्शनीत काका, सरांकडेही एक मायक्रोस्कोप नावावर आहे जो २००६ मध्ये दुसऱ्या कॉलेजला उसना दिलाय. आता कळलं ते हल्ली त्या कॉलेजला सारखे फोन का करतात.

सरळसोट

सगळे गोड गोड लिहिताय म्हणून थोडं कडू लिहितो. सगळेच सर सत्कार करण्यासारखे नसतात. माझा गाईड (हो, एकेरीच) माझ्याकडून घरची वीजबिलं भरून घ्यायचा, मुलीच्या लग्नात आम्ही तिघं रिसर्च स्टुडंट वाढपी होतो, आणि जो पेपर मी दोन वर्षं राबून लिहिला त्यावर त्याचं नाव पहिलं आणि माझं तिसरं, दुसरं कोणाचं तर ज्याने प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नाही अशा साहेबांचं. त्याच्या षष्ट्यब्दीला माझ्याकडून पाच हजार वर्गणी मागितली. दिली. कारण व्हायवा बाकी होता. गुरुपौर्णिमा वगैरे ठीक आहे पण खुर्चीत असेपर्यंतचा मान हा खुर्चीचा मान असतो.

मुळाक्षर

सरळसोट, म्हणूनच तर रिटायर झाल्यानंतरचा सत्कार खरा म्हणायचा ना. तेव्हा हातात ना सही, ना मार्क, ना शिफारसपत्र.

सरळसोट

हे बरोबर आहे. मग विभागाच्या कार्यक्रमानंतर वर्षभराने करा, किती येतात बघा.

कालव्याकाठी

नमस्कार, नेदरलँड्समधून. इकडची पद्धत सांगतो, कदाचित उपयोग होईल. इथे निरोपाचं भाषण इतर कोणी करत नाही, रिटायर होणारा प्रोफेसरच करतो. त्याला निरोपाचं व्याख्यान म्हणतात. विद्यापीठाचे बाकीचे प्रोफेसर काळे झगे आणि टोप्या घालून रांगेने सभागृहात येतात, सगळे उभे राहतात, मग तो एकटा चढतो आणि साधारण पाऊण तास आपल्या विषयावर बोलतो. मी कोण, कुठे जन्मलो, यावर कमी. माझ्या विषयात काय होतं, आम्ही काय केलं, काय चुकलं, आणि कुठला प्रश्न सुटला नाही तो पुढच्यांनी बघा, यावर जास्त. आणि शेवटी ठरलेले शब्द, "इक हेब खेझेख्त", म्हणजे "माझं बोलून झालं". बास. टाळ्या. मग खाली वाईन आणि चीज.

माझ्या प्रोफेसरबाईंचं ऐकलं तेव्हा त्यांनी पहिली दहा मिनिटं स्वतःच्या एका जुन्या निष्कर्षाची चूक समजावून सांगितली. समोर नातवंडं बसलेली.

आपल्याकडे सत्कारमूर्तीला सगळ्यात शेवटी बोलायला देतात, तोपर्यंत दोन वाजलेले असतात आणि मागून भाजीचा वास येत असतो.

घाटवाट

हे भारी आहे. सरांना शेवटचा तास द्यायचा. खरा तास, फळा-खडू, हजेरीसकट.

मिनेसोटाकर

कालव्याकाठींचं वाचून मलाही एक आठवलं. मिनियापोलिसपासून तासाभराच्या ड्राईव्हवर नॉर्थफील्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथे कार्लटन कॉलेज. एलिनॉर झेलियट तिथे १९६९ ते १९९७ इतिहास शिकवत होत्या. आंबेडकर आणि महार चळवळीवर पीएचडी १९६९ ची, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची, आणि ती पुस्तक म्हणून बाजारात आली कित्येक वर्षांनी, तोपर्यंत लोक तिच्या झेरॉक्सवरच अभ्यास करत होते. रिटायर झाल्यावर त्यांच्या सन्मानार्थ २००८ मध्ये एक नाही तर दोन ग्रंथ निघाले, दोन्ही मनु भगवान आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी संपादित केलेले, दोन्ही दलित, जात, धर्म आणि सत्ता याच विषयांवर. म्हणजे "मॅडम : एक व्यक्तिमत्त्व" नव्हे. त्यांनी जो रस्ता पाडला त्यावर पुढे चाललेल्या लोकांचं काम.

गंमत म्हणजे नॉर्थफील्डच्या बर्फात बसून त्या चोखोबा आणि एकनाथांवर लिहायच्या. २०१६ ला गेल्या. इथल्या मराठी मंडळात कितीजणांना त्यांचं नाव माहीत होतं ते विचारू नका.

त्यामुळे पेन्शनीत काका, गौरवग्रंथ वाईट नाही हो, संपादक खमक्या पाहिजे. आठवणींचे लेख सरळ परत पाठवणारा.

पेन्शनीत

खमक्या संपादक दाखवा, माळ्यावरच्या ८० प्रती त्याला बक्षीस.

बाकी झेलियटबाईंचं मान्य. काणे यांचंही तसंच. म. म. पां. वा. काण्यांना गौरवग्रंथ मिळाला १९४१ ला, ६१ व्या वाढदिवसाला. आपल्याकडे एकसष्टी झाली की लोक समजतात आता तीर्थयात्रा. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पहिला खंड १९३० चा आणि शेवटचा आला १९६२ ला, तेव्हा वय ८२! भारतरत्न १९६३ ला. म्हणजे सत्कार झाला तेव्हा अर्ध्याहून जास्त काम व्हायचंच होतं. हे मी रिटायर झाल्या झाल्या बायकोला सांगितलं होतं, ती म्हणाली काण्यांना दळण आणायला कोणी पाठवत नसेल.

अर्ध्याशब्दी

मी पुण्यात शब्दकोशाच्या कामाशी संबंधित आहे, फार खोलात जात नाही. डेक्कन कॉलेजमधला संस्कृतचा महाकोश, १९४८ साली डॉ. कत्रे यांनी सुरू केला. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत, हाताने लिहिलेल्या, लोखंडी कपाटांमध्ये अक्षरवार लावलेल्या. इतकी वर्षं झाली, किती खंड निघाले, आणि अजून आम्ही "अ" मध्येच आहोत. हसू नका, काम तसंच आहे, प्रत्येक शब्दाचा वेदांपासूनचा प्रवास लिहायचा असतो.

तिथे एखादे सर रिटायर होतात तेव्हा निरोप असतोच, पण मला त्यापेक्षा एक गोष्ट लक्षात राहिलीय. नवीन माणसाला ड्रॉवर उघडून दाखवतात आणि सांगतात, हे अक्षर अमक्यांचं, हे तमक्यांचं. नाव खाली लिहिलेलं नसतं, नुसत्या वळणावरून ओळखतात. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा "ण" अजून ओळखतात. मी तिथे जाऊन आठ महिने झाले तेव्हा पहिल्यांदा एक अक्षर मला स्वतःला ओळखता आलं, त्या दिवशी पेढे वाटले मी.

घाटवाट, तुमच्या सरांच्या ४७ वह्या वाचवा. दगड कोणीतरी पुन्हा उचलेल, वही नाही उचलता येणार.

घाटवाट

हे वाचून ग्रुपवर टाकलं आणि दहा मिनिटांत सहा जण वह्यांचे फोटो काढायला तयार झाले, इतके दिवस जे "बघू" म्हणत होते ते.

पण एक दुरुस्ती, दगडही पुन्हा उचलता येत नाहीत. घाटरस्ते रुंद होतायत, सरांनी १९९५ ला नमुना घेतला तिथली कड आता उडवलेली आहे, वर जाळी आणि सिमेंट. काही थर आता फक्त गोणीत शिल्लक आहेत.

फुलवेडा

वनस्पतीशास्त्रवाला बोलतोय. आमच्यात सगळ्यात मोठा सत्कार म्हणजे नवीन जातीला नाव देणं. सह्याद्रीत कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया सांतापावी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव, मूळचे स्पॅनिश, नंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख, त्यांच्या नावाने. फादर १९७० ला गेले, फूल अजून पावसाळ्यात येतं. आता ज्याला ते शोधायचंय त्याला सांतापाव कोण हे विचारावंच लागतं.

दगडाला नाव देता येतं का हो?

घाटवाट

खनिजाला देता येतं पण त्याला नवीन खनिज सापडायला हवं. आमच्याकडे थरांना गावाची नावं देतात, जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. खालून वर, लाव्हा ज्या क्रमाने आला त्या क्रमाने. सर हे आम्हाला पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. एकाने "इगतपुरी" आधी म्हटलं तर म्हणायचे, "तुझी गाडी कसारा न चढताच इगतपुरीला पोचली वाटतं."

नवशोधक

हाय, मी सध्या पीएचडी करतोय (दुसरं विद्यापीठ), दोन सूचना.

१. सरांच्या विद्यार्थ्यांचे जुने प्रबंध शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आहेत का बघा. यूजीसीने प्रबंध तिथे टाकायचं बंधन २००९ च्या नियमांत आणलं, त्याआधीचे पुष्कळ प्रबंध फक्त लायब्ररीच्या बंद कपाटात असतात. स्कॅन करून टाकायला विद्यापीठाकडे अर्ज करा. मला १९९० च्या दशकातला एक प्रबंध बघायला तीनदा एसटीने जावं लागलं, तिसऱ्यांदा कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर.

२. गणितवाल्यांची एक वेबसाईट आहे, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीत चालते, गणितज्ञांची वंशावळ. कोणाचा गाईड कोण, त्याचा गाईड कोण, मागे मागे शेकडो वर्षं. सरांचं तसं झाड काढा ना, कागदावर, फ्रेम करून.

आणि खरं सांगायचं तर माझे सर पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि माझा प्रबंध तोपर्यंत होणार नाही, त्यामुळे मी हा धागा वेगळ्याच भीतीने वाचतोय.

पेन्शनीत

बाळा, तुझ्या सरांना सांग की यूजीसीची रिटायर प्राध्यापकांसाठी फेलोशिप आहे, २०२२ ला शिक्षकदिनी जाहीर झाली, महिना ५०,०००. पण अख्ख्या देशात जागा १०० आहेत, तेव्हा प्रबंध लवकर लिही, तेच सोपं.

आणि केंद्रीय विद्यापीठात तोच माणूस ६५ पर्यंत शिकवतो, आपल्याकडे ६० ला "वय झालं". पुण्यातच एका गेटच्या आत ६५ आणि रस्ता ओलांडला की ६०. यावर मी बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

तासिकाताई

काका, भरकटू नकाच. तुम्ही ६५ पर्यंत थांबलात तर आमचा नंबर कधी? 🙂

पेन्शनीत

हे उत्तर मला बायकोनेही दिलं होतं. माघार.

घाटवाट

मंडळी, उशिरा येतोय, पण वृत्तांत द्यायलाच हवा.

आम्ही ठरवलं की पावसाच्या आधी सरांना फील्डवर न्यायचं. दोन मिनीबस, ४१ जण, सगळ्यात मोठा विद्यार्थी ५४ वर्षांचा (बँकेत मॅनेजर आहे, भूशास्त्राशी आता संबंध फक्त गृहकर्जापुरता), सगळ्यात लहान यंदाची पोरगी. पहाटे पोलादपूरला उतरलो आणि आंबेनळी घाट खालून वर. सरांना सांगितलं नव्हतं कोण कोण येणार. बसमधून उतरले, सगळ्यांकडे पाहिलं, काहीतरी भावनिक बोलतील असं आम्हाला वाटलं, कॅमेरे तयार. म्हणाले, "हातोडी किती जणांनी आणलीय?" नऊ जणांनी. "बाकीचे काय पिकनिकला आलेत?"

मग हजेरी. मग चालत.

तिसऱ्या की चौथ्या वळणाला दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा लागतो, वीतभर जाड, लांबून विटांचा चुरा भरल्यासारखा. सरांनी मॅनेजरसाहेबांना पुढे बोलावलं. "हे काय?" साहेब म्हणाले, सर माती. "कसली?" गप्प. सरांनी नखाने खडा काढला आणि जिभेला लावला, चिकटला. मग आम्हा सगळ्यांना एकेक खडा दिला. ४१ माणसं घाटात जीभ बाहेर काढून उभी, महाबळेश्वरला चाललेल्या गाड्या थांबून बघतायत. चिकणमाती जिभेला चिकटते, ही सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा. मग म्हणाले, खालचा लाव्हा थंड झाला, त्याची माती व्हायला वेळ मिळाला, मग वरून पुढचा आला. म्हणजे हा पट्टा म्हणजे मधली सुट्टी. ती किती लांब होती, आणि हा तांबडा रंग वरच्या लाव्हाने भाजून आला की आधीच कुजून आला होता, यावर अजून भांडणं आहेत, मला जे वाटत होतं ते मी ९७ साली लिहिलं, आता मला तितकी खात्री नाही. कालव्याकाठी, तुमची आठवण झाली. हेच ते निरोपाचं व्याख्यान, फक्त झगा नव्हता आणि शेवटी वाईनऐवजी वाड्याच्या फाट्यावर झुणका-भाकर होती.

विभागाचा कार्यक्रमही झाला. कुलगुरू आले नाहीत, संदेश आला. मी माईकवर जागा भरण्याचं बोललो, टाळ्या फक्त शेवटच्या रांगेतून आल्या, तिथे सीएचबीवाले बसले होते. झाडाची फ्रेम दिली, नवशोधक, १४ फांद्या आणि त्यातल्या तिघांना पुढे फुटवे. सरांनी ती हातात घेऊन पहिलं काय पाहिलं असेल, तर एकाच्या नावासमोर वर्ष चुकलंय. बरोबरच होतं त्यांचं.

दगडांचं. ३१ पैकी १२ गोण्या कोकणातल्या एका कॉलेजने संग्रहालयासाठी घेतल्या, त्यांचा टेम्पो आला. १० गोण्या विभागातच राहिल्या, यादी करून, कुलूपबंद कपाटात, त्यासाठी जो अर्ज करावा लागला त्यावर सात सह्या आहेत (पेन्शनीत काका, सात!). उरलेल्या ९ गोण्यांतले नंबर पावसाच्या ओलीने पुसले होते. त्या सरांनी घरी नेल्या. काकू बोलल्या काहीतरी. आता ते रोज सकाळी अंगणात बसून एकेक दगड पाणी लावून भिंगाखाली धरतात आणि वहीशी जुळवतात, आत्तापर्यंत साठेक ओळखले म्हणे. सत्काराची शाल गोणीखाली अंथरलीय, फरशीवर चरे पडू नयेत म्हणून.

वह्यांचं काम चालू आहे. १९ वह्यांचे फोटो झाले.

अर्ध्याशब्दी

उत्तम. फोटोंना नाव देताना वहीचा नंबर आणि पान दोन्ही घाला, नंतर पस्तावाल.

पेन्शनीत

मायक्रोस्कोप मिळाला का?

घाटवाट

मिळाला. लेन्स नाही. निर्लेखन समिती ऑगस्टमध्ये.

पेन्शनीत

😂 शुभेच्छा कळवा सरांना माझ्याकडून. स्टूलवाल्याकडून म्हणून सांगा.

नवशोधक

घाटवाट, वह्यांमध्ये वरंध घाट आहे का हो? माझा एक नमुना तिथलाच आहे आणि आता रस्त्याच्या कामात ती जागाच सापडत नाहीये.

घाटवाट

आहे, वही क्रमांक १२, पान ६८ पासून. फोटो पाठवतो. अक्षर वाचायला जमलं नाही तर सांग.

घाटवाट

सरांना विचारलं. ते म्हणतायत ६६ पासून, आणि उद्या सकाळी आठला फोन कर त्याला सांग.